उच्च शिक्षणाचा खर्च आणि आयकरातील वजावट
(भाषणाचा मजकूर)



प्राचीन शूर्पारक बंदराच्या या भूमीला व्यापार नवा नाही, हिशेबही नवा नाही. मात्र दुकानातील पै-पैचा जमाखर्च ठेवणारा व्यापारी मुलामुलींच्या शिक्षणाचा खर्च बहुधा हिशेबाबाहेर ठेवतो. फी दुकानाच्या खात्यातून जाते, उरलेली रक्कम नातलगांकडून हातउसनी येते आणि आयकरातील हक्काची वजावट निसटते. पैसा कोणी आणि कोठून दिला, यावरच ती अवलंबून असते.

१९६१ च्या आयकर कायद्यात यासाठी दोन तरतुदी होत्या. कलम ८०-सी अन्वये दोन मुलांच्या भारतातील पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फी, विमा व भविष्यनिर्वाह निधी यांसह दीड लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत वजा होई. देणगी, विकास निधी व वसतिगृहाचा खर्च त्यात बसत नसे. कलम ८०-ई अन्वये स्वतःच्या, पती-पत्नीच्या वा मुलांच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज, कोणत्याही कमाल मर्यादेविना, आठ वर्षांपर्यंत वजा होई, मुद्दल नव्हे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा अमलात आला. कलमांचे क्रमांक बदलले, तरी या सवलती जुन्या करप्रणालीत कायम आहेत.

समजा, तीस टक्के दराने कर भरणाऱ्या पित्याने वर्षाला ८०,००० रुपये व्याज भरले, तर उपकरासह २४,९६० रुपये कर वाचतो. त्यासाठी कर्ज बँक, वित्तीय संस्था वा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. हातउसने चालत नाही. ही वजावट व्यक्तीलाच मिळते, पेढीला किंवा एच.यू.एफ.ला नाही. मुलगी पुढे स्वतः हप्ते फेडणार असेल, तर कर्ज तिच्याच नावे असावे.

नव्या करप्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत. २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली ठरली आहे; जुनी हवी असल्यास मुदतीत तसे कळवावे लागते. व्यापारी उत्पन्न असणाऱ्यास ही निवड दरवर्षी बदलता येत नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत सर्वसाधारण उत्पन्न बारा लाखांपर्यंत असल्यास कर लागत नाही. अशा कुटुंबास वजावटीची गरजच उरत नाही. म्हणून दोन्ही प्रकारे आकडेमोड करून सी.ए.चा सल्ला घेणे इष्ट.

एक बाब विशेष ध्यानी घ्यावी. समाजातील एखाद्या ट्रस्टकडून बिनव्याजी कर्ज मिळत असेल, तर केवळ वजावटीसाठी व्याजाचे कर्ज काढणे हा तोट्याचाच सौदा होय. वरील उदाहरणात २४,९६० रुपये वाचवण्यासाठी ८०,००० मोजावे लागतात.

फी जड जाते म्हणून पदवीनंतर मुलीचे शिक्षण थांबवण्याचा विचार ज्या घरी होत असेल, त्यांनी आधी हा हिशेब कागदावर मांडावा. पुष्कळदा वाट त्यातूनच सापडते. जय जिनेंद्र!