सरकारी कार्टूनपटांचे मोल

श्रोतेहो, वाशीम, कारंजा, रिसोडकडच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, टॉकीजमध्ये मुख्य बोलपटाआधी सरकारी चित्रपट दाखवणे सक्तीचे असे. तो संपेपर्यंत पुष्कळ माणसे बाहेर विडी ओढत. फिल्म्स डिव्हिजनची कार्टूने म्हणजे कोरडा उपदेश, असा शिक्का बसला.

तो कितपत खरा? १९५६ च्या सुमारास मुंबईत या संस्थेने कार्टून विभाग काढला. डिस्नेकडे काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी आपल्या तरुण चित्रकारांना शिकवले. १९५७ चा 'द बनियन डीअर' घ्या. गोष्ट जातकातली, चित्रांची धाटणी अजिंठ्याची. गाभण हरिणीऐवजी हरणांचा राजा स्वतःची मान पुढे करतो. यात कोरडे ते काय? पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी लागतात, अन् चित्रे सारी हाताने काढायची!

काही पट प्रचारकी होते, हे खरेच. पण जेवायला बोलावून आधी काढा पाजावा, तसे झाले. दोष सक्तीचा अधिक.

गुरुजी, विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) वर्गात लावा. तो चितारणारे भीमसैन याच विभागात घडले. आधी उपदेश करू नका. मुले काय म्हणतात ते ऐका, मग निकाल द्या.