खोली मुंबईत, कागद कुठे?

(प्रभागसंघाच्या बैठकीतील भाषण)

मागच्या बैठकीत कर्जाचा विषय चालला होता, तेव्हा तिघीचौघींनी एकच विचारलं. घाटकोपरची, मुलुंडची खोली आमच्या मालकांच्या नावावर आहे, पण कागद सापडत नाहीत, आता कसं?

कागद हरवला म्हणून घर जात नाही. करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असला, तर त्याची प्रत सरकारी दप्तरात असते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांत घराघरांत पाणी शिरलं, कपाटातल्या कागदांचा लगदा झाला. पण कपाटातला कागद भिजला म्हणून दप्तरातली नोंद जात नाही.

ती शोधायची सूची क्रमांक 2 वरून. त्यालाच सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. घेणारा, देणारा, किंमत, दस्त क्रमांक, तारीख, सगळं त्यात असतं. मुंबईतले 1985 पासूनचे दस्त नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मात्र उपनगर जिल्ह्यात तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ल्यात येतात. आपण मुलुंड मुलुंड करत बसतो आणि नोंद असते कुर्ल्याला!

क्रमांक मिळाला की पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, आणि निबंधकाकडे प्रमाणित प्रतीचा अर्ज. सोसायटीचा भाग दाखला हरवला असेल, तर त्याची दुसरी प्रत सोसायटीच देते. हमीपत्र लिहून द्यावं लागतं.

कागद बँकेने हरवला असेल तर खर्च आपला नाही. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 ला सांगून ठेवलंय. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर रोजचे 5,000 रुपये द्यायचे. हरवले तर प्रती काढायला मदत करायची, खर्चही बँकेचा. त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे. साहेब ‘बघू’ म्हणाले तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आता खरी काळजीची गोष्ट. बऱ्याच जणींकडे आहे तो कागद शंभराच्या स्टँपवरचा, खाली नोटरीचा शिक्का. लाल शिक्का बघून आपल्याला वाटतं, झालं पक्कं. नाही ताई. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. हा कागद दप्तरात कुठेच नसतो, हरवला की प्रत मागणार कुणाकडे? दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवायचा असतो. त्यापुढचे चार महिने दंड भरून, तोही नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. ते गेले की विकणाऱ्याला पुन्हा सहीला आणावं लागतं. तो म्हातारा झालेला असतो, गावी गेलेला असतो, कधी वारलेला असतो, मग त्याच्या वारसांच्या मागे फिरायचं. म्हणून असा कागद घरात असेल तर या महिन्यातच वकिलाला दाखवा.

नावातल्या चुकीचंही तसंच. करारात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, खोलीचा नंबर 12 चा 21 झालेला. यासाठी चूक दुरुस्ती पत्र करून ते नोंदवायचं. त्यावरही दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात.

पुढच्या बैठकीला येताना कागदांची झेरॉक्स आणा, एकत्र बसून बघू. मूळ कागद आणू नका, एसटीत राहतात.