माधवीची जावक



परदेशी तणांवर बोला, अशी संयोजकांची सूचना होती. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत यांचे उपद्व्याप तुम्हांला तोंडपाठ आहेत. त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एकच, आणि मला पूर्वी ऐकलेल्यांना तेही पाठ आहे. (हशा) आपण फक्त बाहेरून आलेल्या तणांची आवक नोंदवतो. इथून बाहेर गेलेल्यांच्या जावकीची वही कोरीच!

२००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटानं जगातल्या १०० उपद्रवी आक्रमक जीवांची यादी काढली. तीत घाणेरी आहे, रानमोडी आहे आणि आपली माधवीलता, म्हणजे हळदवेलही आहे.

(कुजबुज) नाही, नाही, तुमच्या फाटकावरची गुलाबी-पांढऱ्या झुबक्यांची मधुमालती ती ही नव्हे. माधवीची फुलं पांढरी, सुगंधी, पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या, एका पाकळीवर पिवळा डाग. फळाला तीन पंख, एक लांब, दोन आखूड. शेंड्यावरून सुटलं की गरगरत वाऱ्यावर जातं.

संस्कृत कवींनी हिचं लग्न आंब्याशी लावलं. वऱ्हाडी कवी, भटजी कवी, मंगलाष्टकं म्हणणारेही कवीच. आंब्याला कुणी विचारलं नाही! (प्रचंड हशा) हसताय, पण गोम तिथंच आहे. वेल झाडाच्या माथ्यावर पसरते, खालच्या पानांचं ऊन तोडते, जमिनीवरचं रोपटं वर येऊच देत नाही. आपल्या रानात ब्राउन ऑल फुलपाखराच्या अळ्या हिची पानं खातात, शेजारी हिच्याइतक्याच दांडग्या वेली असतात. आंबा तगतो. पण शोभेची म्हणून ही जिथं गेली, त्या मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर हिला आवरणारं फारसं कुणी नव्हतं.

रियुनियनच्या पश्चिमेचं कोरडं वन आता तुकड्यांपुरतं उरलंय. ग्रांद शालूपच्या घळीत अशा तुकड्यांजवळच १८६० च्या दशकातली विलगीकरण केंद्रं आहेत. उसाच्या मळ्यांवर राबायला आणलेल्या गिरमिटियांना बोटीतून उतरल्यावर आधी तिथं ठेवत, रोग पसरू नये म्हणून. माणसांवर एवढा पहारा. शोभेची वेल मात्र थेट बागेत, आणि बागेतून रानात!

मागून कुणी विचारतंय, मॉरिशसच्या मराठी माणसांवर ठपका ठेवताय का? अजिबात नाही. गिरमिटावर गेलेल्याला शोभेची बाग करायला उसंत कुठली? बागा मालकांच्या. माझा राग माधवीवरही नाही. सह्याद्रीत ती हवीच. माझा राग ‘नुसतं फुलझाड तर आहे’ या वाक्यावर आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? दोन! बरं. वेल काढायची कशी, हा भाग राहिला. एवढंच सांगतो, वरवर कापून भागत नाही, बुंधा पुन्हा फुटतो. माणसांना वर्षानुवर्षं त्याच उतारावर परत जावं लागतं.

ऑस्ट्रेलियात लेकीकडे निघालेल्यांनी सामानात बियांची पुडी टाकू नये. क्वीन्सलंडच्या वर्षावनातही माधवी शिरली आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ‘शोभेचंच आहे’ असं सांगून हुज्जत घालू नका. शोभेचं असतं, म्हणूनच तो विचारतो.

अध्यक्षांनी घड्याळ माझ्याकडे वळवलंय. भांडायचं असेल त्यांनी चहाच्या टेबलाशी भेटावं.