म्हातारीच्या लोकरीतला बग

आजचा भाग छोटा आहे, कारण आजची पाहुणीही छोटीच आहे. उंची जेमतेम चार बोटं, अंगभर पांढरी लोकर आणि नाव म्हातारी.

माझी रूममेट मागच्या जूनमध्ये पुण्याहून बंगळुरूला शिफ्ट झाली. जाताना हा कॅक्टस माझ्या हातात देऊन म्हणाली, "याला काही करावं लागत नाही, फक्त मारू नकोस." मग दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न ठरलेला: "म्हातारी कशी आहे गं?"

आधी ओळख करून घेऊ. लोकरवाला कॅक्टस म्हणजे एकच जात नव्हे. लोकर बोटाने हळूच बाजूला करा. खाली उभ्या धारा दिसल्या आणि झाड खांबासारखं वाढत असेल, तर तो सेफालोसेरिअस सेनिलिस, म्हणजे 'म्हातारबाबा' असू शकतो. मेक्सिकोत तो दहा मीटरच्या वरही जातो. धारांऐवजी छोटे छोटे उंचवटे दिसले आणि झाड गोल असेल, तर बहुतेक मॅमिलारिया. त्यातही मधला काटा आकड्यासारखा वाकून बोटात अडकला, तर मॅमिलारिया बोकासाना. काटे सरळ, लांब पांढरे केस आणि डोक्यावर गुलाबी-जांभळ्या फुलांचं कडं, तर मॅमिलारिया हानियाना. माझी म्हातारी हीच. तीही मूळची मेक्सिकोचीच.

आता माझा गाढवपणा ऐका. जुलैत तिची लोकर वाढायला लागली. मी खूश! फोटो काढून रूममेटला पाठवले. तीन आठवड्यांनी कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली, तेव्हा ट्यूब पेटली. ती नवी लोकर नव्हतीच, पिठ्या ढेकूण होते. ही कीड रस शोषते, चिकट गोड द्रव सोडते आणि त्या गोडावर मुंग्या येतात. दिवसभर ऑफिसात बग शोधणारी मी, घरात बगलाच फीचर समजत होते.

फरक कसा ओळखायचा? खरी लोकर सगळीकडे सारखी, सुटी आणि कोरडी असते. किडीचे गठ्ठे असतात, तेही उंचवट्यांच्या बेचक्यात, चिकट. इअरबडने दाबलं की आतला किडा चिरडून डाग पडतो.

उपाय असा केला. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून एकेक गठ्ठा टिपला. संध्याकाळी, उन्हात नाही. दर आठवड्याला, असं महिनाभर. तेल फवारलं नाही, लोकर चिकटून बसते. कुंडीतून काढून मुळं पाहिली, तर तिथेही पांढरं! मुळं धुतली, कुजलेली कापली, चार दिवस सावलीत सुकवली. मग नवीन मातीच्या कुंडीत अर्धी माती आणि अर्धी जाड वाळू घालून लावली. पाणी आठवड्यानंतर.

पाण्याचं रिमाइंडर मात्र मी डिलीट केलं. कॅलेंडर बघून पाणी द्यायचं नाही. लाकडी काडी तळापर्यंत खुपसायची, कोरडी बाहेर आली तरच द्यायचं. लोकरीवर ओतायचं नाही, कडेने मातीत. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर. थंडीत पाणी अगदी कमी.

दोन रविवार मी कॅमेरा बंद ठेवून "मस्त आहे" म्हणत राहिले. तिसऱ्या रविवारी सगळं सांगून टाकलं. ती गप्प. मग म्हणाली, "अगं, माझ्याकडे असतानाही एकदा लागले होते. सांगायचं राहिलं."

म्हणजे हँडओव्हरमध्येच गडबड! तेव्हा मंडळी, नवीन झाड कुणाकडूनही येऊ दे, महिनाभर बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा.

म्हातारीची एक बाजू अजून तपकिरी आहे, ती काही भरून येणार नाही. पण या फेब्रुवारीत डोक्यावर फुलांचं अर्धं कडं आलं. या वेळी कॅमेरा चालू होता.

भेटू पुढच्या भागात. तोवर आपापली लोकर तपासा!