नदीच्या तळाशी साचलेले देणे



पुण्याच्या मुळा-मुठेचे प्रदूषण म्हटले की फेस, दुर्गंधी आणि जलपर्णी डोळ्यांपुढे येते. न दिसणारे संकट तळाच्या गाळात आहे. क्रोमियम, निकेल, जस्त, शिसे, कॅडमियम हे जड धातू मुलाम्याचे कारखाने, रंग, बॅटऱ्या आणि रस्त्यांवरची धूळ यांतून नाल्यांत येतात व तेथून नदीत उतरतात. मैला कुजून त्याचे विघटन होते. धातूचे होत नाही. तो मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो.

म्हणूनच पाण्याचा नमुना निर्दोष निघाला, तरी नदी निर्दोष ठरत नाही. प्राणवायूविरहित गाळात धातू बरेचसे सल्फाइडच्या रूपात बांधलेले असतात. गाळ ढवळला की काही अंश पुन्हा पाण्यात सुटतो आणि मासळीत शिरतो. स्वीडनचे हाकान्सन यांनी १९८० साली मांडलेल्या धोका-निर्देशांकात विषारीपणाचा गुणक जस्ताला १, शिशाला ५, कॅडमियमला ३० आणि पाऱ्याला ४० आहे. तेव्हा धातू किती, याइतकाच कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा. दख्खनच्या काळ्या पाषाणात तांबे व क्रोमियम मुळातच असतात. निसर्गाचा तो वाटा वजा करूनच कारखानदारीचा वाटा ठरवावा लागेल.

हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही. मुलाम्याच्या हौदावर वाकलेला कंत्राटी कामगार क्रोमियमची वाफ सर्वांआधी छातीत घेतो. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयाला. म्हणजे नफा शहरात राहतो. भय मात्र खालच्या शेतकऱ्याच्या आणि मासेमाराच्या वाट्याला येते. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या भातशेतीत खाणीचे कॅडमियम उतरले, शेतकरी स्त्रियांची हाडे ठिसूळ झाली. सरकारने त्याचे कारण मान्य केले ते १९६८ साली, अनेक दशकांच्या यातनांनंतर.

आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा १९७४ साली झाला. पुण्याच्या नदीकाठ सुशोभनाची पायाभरणी २०२२ साली झाली. काठ सजवण्याआधी तळ तपासला पाहिजे. गाळाची ठिकाणवार तपासणी व्हावी, तिचे आकडे मराठीत जाहीर व्हावेत, उपसलेला गाळ कोठे टाकला याची नोंद लोकांना पाहता यावी आणि खर्च विष सोडणाऱ्याकडून वसूल व्हावा. या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी नदीकाठच्या वस्त्यांत आणि कारखान्यांच्या दारांत गेले पाहिजे. कामगार आणि शेतकरी एकत्र आल्याशिवाय हे देणे कोणी फेडणार नाही.