नावाड्याची साक्ष

कर्करोग हा शब्द कानीं पडला कीं भरल्या घरांतील बोलणें एकाएकीं थांबतें. मग तपासणीचा कागद येतो, आणि त्यावरील एखाद्या आंकड्याकडे सारीं माणसें कुंडलीकडे पाहावें तशीं पाहूं लागतात. रोगाची खूण दाखविणाऱ्या अशा द्रव्याला शास्त्रांत 'निदर्शक' म्हणतात. ही खूण काय सांगते आणि काय सांगूं शकत नाहीं, हें आज एका उदाहरणानें आपल्यापुढें मांडणार आहें. मी वैद्य नव्हे. मुलांना धडा समजावून देण्यांत माझा जन्म गेला. तेव्हां हाही एक धडाच समजावा.

आपलें तोंड, श्वासनलिका, आंतडें यांना आंतून एक नाजूक अस्तर असतें. बाहेरचे जंतु प्रथम तेथेंच येऊन पोहोंचतात. त्यांना अडविण्यासाठीं शरीर 'आयजीए' नांवाचें प्रतिद्रव्य तयार करतें. परंतु तें तयार होतें अस्तराच्या खालीं, आणि त्याचें काम असतें अस्तराच्या वर. मध्यें पेशींची सलग भिंत. हा पैलतीर गांठावयाचा कसा?

त्यासाठीं निसर्गानें एक नावाडी ठेवला आहे. 'पॉलिमेरिक इम्युनोग्लोब्युलिन रिसेप्टर' असें त्याचें लांबलचक नांव. आपण त्याला 'वाहक ग्राही' म्हणूं. पेशीच्या तळाशीं तो प्रतिद्रव्याला धरतो, एका सूक्ष्म पिशवींतून पेशीच्या आरपार नेतो आणि वरच्या कडेला पोहोंचवितो. तेथें त्याचा स्वतःचाच देह कापला जातो. तुटलेला भाग प्रतिद्रव्याला चिकटून राहतो आणि पाचक रसांपासून त्याचें रक्षण करतो. म्हणजे हा नावाडी एकच खेप करतो, आणि उताऱ्याबरोबर नावेचा तुकडाही देऊन टाकतो! बाळंतिणीच्या पहिल्या पिवळसर दुधांत, चिकांत, हें प्रतिद्रव्य विपुल असतें. तेंही याच वाटेनें येतें.

नॉर्वेचे शास्त्रज्ञ पेर ब्रांटझेग यांनीं या वाहतुकीची कल्पना १९७४ सालीं मांडली. पुढें १९८४ सालीं मोस्टोव्ह, फ्रीडलँडर व ब्लोबेल यांनीं सशाच्या वाहक ग्राहीची रचना प्रसिद्ध केली. त्याच्या बाहेरील अंगाचे पांच भाग प्रतिद्रव्यांच्याच घडणीचे निघाले. नावाडी आणि उतारू एकाच कुळांतले ठरले.

आतां कर्करोगाकडे वळूं. अस्तराची पेशी बिघडली कीं ती आपलें नेमून दिलेलें काम विसरूं लागते. फुप्फुसाच्या व मोठ्या आंतड्याच्या अनेक कर्करोगांत हा वाहक ग्राही कमी झालेला किंवा नाहींसा झालेला आढळतो. येथें वाटेल कीं सूत्र हातीं आलें: नावाडी नाहीं, म्हणजे रोग आहे.

पण यकृताकडे पाहतांच हें सूत्र मोडतें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत यकृताच्या कर्करोगांत हाच ग्राही भरपूर आढळला, आणि जेथें तो अधिक, तेथें शस्त्रक्रियेनंतर रोग लवकर परतण्याचा संभव अधिक दिसला. जें एका अवयवांत नसणें वाईट, तेंच दुसऱ्या अवयवांत असणें वाईट!

तिसरी साक्ष आणखी निराळी आहे. अमेरिकेंतील मॉफिट कर्करोग केंद्रांतील संशोधकांनीं २०२१ सालीं बीजांडकोशाच्या कर्करोगासंबंधीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथें कर्कपेशींवर हा ग्राही होताच, आणि त्याच्या आधारें आयजीए त्या पेशींत शिरून आरपार जात असतां त्यांची वाढ मंदावत होती; शरीराच्या संरक्षक टी-पेशींना त्यांचा नाश करणेंही सुलभ होत होतें. म्हणजे यकृतांत शत्रूला सामील झाल्यासारखा वाटणारा नावाडी येथें आपल्या बाजूनें लढत होता.

शिवाय साध्या दाहानेंही या ग्राहीचें प्रमाण वाढतें, कारण जंतूंशीं झुंज सुरू झाली कीं शरीर अधिक नावाडी कामाला लावतें. म्हणून केवळ 'वाढला' किंवा 'घटला' एवढ्या शब्दावरून कांहींच ठरत नाहीं. हा ग्राही अद्याप संशोधकांच्या अभ्यासाचा विषय आहे. रुग्णाच्या नेहमींच्या तपासणींत त्याला स्थान मिळालेलें नाहीं.

तथापि याचा धडा प्रत्येक घराला उपयोगी आहे. निदर्शक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराला आपण विचारतों: तूं कोठें उभा होतास? काय पाहिलेंस? दुसरें कांहीं कारण संभवतें काय? तपासणीचा कागद हातीं आल्यावर डॉक्टरांनाही हेंच विचारावें: ही खूण कोणत्या अवयवाची? ती रक्तांत पाहिली कीं गांठीच्या तुकड्यांत? दुसऱ्या कोणत्या कारणानें ती बदलते? असे प्रश्न विचारण्यांत डॉक्टरांचा अवमान नाहीं.

आंकडा वाईट दिसला म्हणून हाय खाऊं नये, आणि चांगला दिसला म्हणून अंगावरील गांठ, न थांबणारा रक्तस्राव किंवा अकारण घटणारें वजन यांकडे डोळेझांकही करूं नये. एका साक्षीवर कोणी निकाल देत नाहीं. मग आपल्या माणसाच्या बाबतींत तरी तो कां द्यावा?