हरत्या पक्षाचा जयघोष

(वार्षिक संमेलनातील भाषण)



अमेरिकेत शालेय शिक्षण घेत असता आम्ही तेथील ‘चीअरलीडर’ पथकात होतो. प्रेक्षकांकडून तालबद्ध जयघोष करवून खेळाडूंस धीर देणे, हे या पथकाचे कार्य. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ सामन्यामागून सामने हरत असता जॉनी कँपबेल या विद्यार्थ्याने ही प्रथा सुरू केली. म्हणजे तिचा जन्मच हरणाऱ्यांसाठी झाला!

मानवी मनोऱ्यात आमची जागा तळाशी असे. एकदा सरावात आमचे लक्ष क्षणभर ढळले आणि वर उभी असलेली मैत्रीण पडली. तिचे मनगट मोडले. बरी होऊन परतल्यावर तिने पुन्हा आमच्याच हातांवर पाऊल ठेवले. त्या विश्वासाचा भार आम्हांस आजही जाणवतो.

आज आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला, तो उचितच आहे. परंतु परीक्षेत अपयशी ठरलेली मुलेही आपल्याच घरांत आहेत. ती आज येथे आलेली नाहीत. उद्या प्रथम त्यांच्या दारी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवावा, एवढी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.